केटी टन्स्टलचा पहिला अल्बम: फोक, ब्लूज, पॉप खरंच एकजीव झालेत का?

आडवाटेचा (धागाकर्ता)

केटी टन्स्टलच्या 'आय टू द टेलिस्कोप'बद्दल कुठेही वाचायला घेतलं की पहिल्या दोन ओळींत 'फोक, ब्लूज आणि पॉप यांचा सुरेख मिलाफ' हे वाक्य हटकून येतं. अल्बम माझ्या आवडीचा आहे, वर्षानुवर्षं ऐकतोय, पण हा मिलाफ नेमका कुठे झालाय ते मला अजून सापडलेलं नाही. म्हणून हा धागा.

ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केटी स्कॉटलंडची, जन्म १९७५, एडिनबरा. दत्तक गेलेली मुलगी, वाढली सेंट अँड्र्यूजमध्ये. वडील तिथल्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचे, अल्बमच्या नावातली दुर्बीण तिकडची. अल्बम ब्रिटनमध्ये डिसेंबर २००४ मध्ये निघाला, अमेरिकेत फेब्रुवारी २००६ मध्ये. म्हणजे पहिला अल्बम हातात आला तेव्हा बाई २९ वर्षांच्या होत्या. पॉपच्या धंद्यात या वयाला 'आता काय होणार' म्हणतात.

गाणी बारा. त्यात ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या जुन्या गाण्याच्या, अंगाचं म्हणावं असं ठळक एकच, 'ब्लॅक हॉर्स अँड द चेरी ट्री'. फार तर 'स्टॉपिन द लव्ह'च्या ठेक्यात थोडा तो रंग आहे. 'सडनली आय सी' स्वच्छ पॉप. 'सायलेंट सी', 'हील ओव्हर', 'थ्रू द डार्क' वगैरे संथ, गिटार किंवा पियानो घेऊन बसल्यासारखी. याला मिलाफ म्हणायचं की एकाच ताटात वेगवेगळ्या वाट्या? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतंय. बोला.


खरजातली

वाट्यांचं पटलं. पण एक सांगा, तुम्ही अल्बम ऐकलात आधी की जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमातला तो व्हिडिओ पाहिलात आधी? कारण माझ्या ओळखीतल्या सगळ्यांचा क्रम व्हिडिओ, मग अल्बम, मग थोडी निराशा असाच आहे. व्हिडिओत एक बाई एकटी उभी राहून पाच जणांचा बँड वाजवते. अल्बम लावला की पहिलं गाणं 'अदर साइड ऑफ द वर्ल्ड', शांत, उसासे टाकणारं. माणूस गोंधळतो.


आडवाटेचा

@खरजातली, व्हिडिओच आधी. नियम मोडायला मी कोण!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीबीसीच्या 'लेटर विथ जूल्स हॉलंड'मध्ये अमेरिकी रॅपर नॅस येणार होता, त्याने आयत्या वेळी रद्द केलं. ती जागा भरायला हिला बोलावलं आणि तयारीला मिळाला जेमतेम एक दिवस. 'ब्लॅक हॉर्स' तिने एकटीने, लूप पेडलवर केलं आणि दुसऱ्या दिवसापासून चित्र बदललं. अल्बम जानेवारी २००५ मध्ये पुन्हा बाजारात आणला आणि ब्रिटनच्या यादीत तो पुढे तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला.


चार तारा

ही 'दुसऱ्याची रिकामी जागा' भानगड मजेशीर आहे. ट्रेसी चॅपमनचंही तेच झालं होतं. ११ जून १९८८, वेम्बली, नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाची मैफल. स्टीव्ही वंडरच्या कीबोर्डची डिस्क सापडेना, तो मंचावर येईना, म्हणून आधीच गाऊन गेलेल्या चॅपमनला परत पाठवलं. एकटी बाई, एक अकूस्टिक गिटार, 'फास्ट कार'. तिचाही तो पहिलाच अल्बम, नुकताच एप्रिलमध्ये आलेला. मोठ्या कलाकाराची यंत्रं अडली की मंडळींना गिटारवाली आठवते.


बेसूर बंड्या

लूप पेडल लूप पेडल सगळे म्हणतात. हे असतं काय? रेकॉर्ड लावून ठेवतात का मागे? मग त्यात कसली आलीये कर्तबगारी?


उलटा पेटीवाला

बंड्या, थांब. रेकॉर्ड लावणं आणि लूप यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी स्वतः लूपर वापरतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायाशी एक डबी असते. टन्स्टलकडे होती ती अकाईची हेडरश. एकदा दाबलीस की रेकॉर्डिंग सुरू. पुन्हा दाबलीस की मधला तुकडा गोल गोल फिरायला लागतो. तो फिरत असताना त्यावर दुसरा थर चढवायचा, मग तिसरा. आधीपासून काहीही भरून ठेवलेलं नसतं, सगळं प्रेक्षकांसमोर तिथल्या तिथे. 'ब्लॅक हॉर्स'मध्ये ती गिटार ठोकून ताल उभा करते आणि माइकमध्ये ते 'वू हू' गाऊन त्याचे थर लावते. मग या फिरत्या चक्रावर गिटारचा खरा तुकडा आणि गाणं.

आता गोम कुठे आहे ते बघ. दुसऱ्यांदा पेडल दाबायचं ते बरोब्बर समेवर. केसभर उशीर झाला तर आवर्तन तेवढं लांबतं, आणि तो लंगडेपणा पुढची तीन मिनिटं प्रत्येक फेरीत ऐकू येत राहतो. तबलजी चुकला तर पुढच्या आवर्तनात सावरून घेतो. पेडल सावरून घेत नाही, ते तुझी चूक पाठ करून म्हणून दाखवतं. शिवाय हे पायाने करायचं, हात गिटारवर, तोंड माइकला आणि समोर कॅमेरे.

दुसरी गोम: फिरणाऱ्या तुकड्यात कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) भरले की गाणं त्या कॉर्डमध्ये अडकतं. म्हणून शहाणा माणूस लूपमध्ये ठोके भरपूर आणि स्वर बेताचे ठेवतो, म्हणजे वरती गिटारला हलायला जागा राहते. 'ब्लॅक हॉर्स'ची रचनाच या बेताने झालेली आहे. दुसरं कुठलंही गाणं त्या डबीवर इतकं चपखल बसलं नसतं.


बेसूर बंड्या

बरं बरं, मानलं. शब्द मागे घेत नाही पण आवाज खाली करतो.


कोमल निषाद

धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्याकडे येते. 'ब्लॅक हॉर्स'ला ब्लूज म्हणायलाच माझा आक्षेप आहे. ब्लूज म्हणजे बारा बारांचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचं एक घर) साचा: पहिल्या कॉर्डवर चार, मग चौथ्यावर जाऊन परत, मग पाचव्यावरून उतरत घरी. या गाण्यात तो कुठे आहे? एका मायनर रिफवर (परत परत येणाऱ्या छोट्या स्वरतुकड्यावर) गाणं उभं आहे आणि तालाने रेटलंय. याला ब्लूज म्हटलं तर गिटारवर तार ओढणाऱ्या प्रत्येकाला ब्लूजवाला म्हणावं लागेल.


उलटा पेटीवाला

@कोमल निषाद, बारा बार हा ब्लूजचा सगळ्यात लोकप्रिय साचा, एकमेव नव्हे. जॉन ली हूकरचं १९४८ चं 'बूगी चिलन' घ्या. एक आवाज, एक गिटार, आणि पायाने जमिनीवर दिलेला ठोका. कॉर्ड बदलायची भानगडच नाही, एकाच जागी बसून सगळा मामला. त्याला ब्लूज नाही म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. टन्स्टल त्याच घराण्यातली: एकटा माणूस, एक रिफ, पाय. फरक इतकाच की हूकरचा पाय ठोका देतो आणि हिचा पाय ठोका साठवून ठेवतो.

आणि तो ठेका तर सरळ बो डिडलीचा आहे. सोळा बारीक मात्रा मोजा आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्या. तीन ठोके रेंगाळत, दोन पटकन. डिडलीने १९५५ मध्ये स्वतःच्याच नावाच्या गाण्यातून तो रॉक अँड रोलमध्ये आणला. त्याच्या मागे आफ्रिकेतून क्यूबामार्गे आलेला क्लावे नावाचा ठेका आहे. हे मोजत 'ब्लॅक हॉर्स' ऐका, गिटारवाला उजवा हात त्याच खुंट्यांवर आपटताना ऐकू येईल.


रात्रपाळी

आत्ता कामावर टेबलावर टाळ्या देऊन पाहिलं. शेजारच्याने डोळे वटारले. पण बसतंय! सातवर आणि अकरावर.


कोमल निषाद

हूकरचं उदाहरण चांगलं आहे, साच्याचा आक्षेप सोडते. पण मग स्वरांकडे या. ब्लूजचा जीव त्या मधल्या गंधारात असतो, कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या फटीत कुठेतरी, गायक जिथे स्वर चिरडतो, खेचतो. ब्लूज गायिका बेसी स्मिथ ऐका, गंधार एका जागी उभा राहतच नाही. टन्स्टल स्वर सरळ लावते. खर्जात थोडी खरखर, वर जाताना आवाज फुटल्यासारखा, पण स्वर जागच्या जागी. रिफचे स्वर तेवढे ब्लूजवाल्यांचे: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. आपल्याकडे याच पाच स्वरांचा धानी राग आहे.


चार तारा

धानी म्हणालात, आता रात्री झोप नाही.


आडवाटेचा

@चार तारा, नका हो. धानीच्या वाटेने गेलो तर अर्ध्या रॉक संगीताला बंदिश म्हणावं लागेल. स्वरसप्तक जुळलं म्हणजे राग झाला नाही, हे निषादबाईंनाही माहीत आहेच.

पण मुद्दा धरण्यासारखा आहे. म्हणजे ताल ब्लूजचा, रिफ ब्लूजची, गळा मात्र नाही. मग गळा कुठला?


खरजातली

गळा फोकचा. हेच मी मघापासून लिहायच्या बेतात होते.

ती काही संगीत कंपनीच्या खोलीत घडलेली मुलगी नाही. अमेरिकेत शाळेत असताना व्हरमाँटमध्ये रस्त्यावर गाऊन झालं. मग लंडनजवळच्या रॉयल हॉलोवेमध्ये शिक्षण, आणि बरीच वर्षं स्कॉटलंडच्या फाइफ भागात छोट्या छोट्या बँडांत. तिथे केनी अँडरसन, म्हणजे किंग क्रिओसोट, याने जमवलेला 'फेन्स कलेक्टिव्ह' नावाचा गोतावळा होता. घरच्या घरी रेकॉर्ड काढायच्या, एकमेकांच्या गाण्यांत वाजवायचं, पैशाचा पत्ता नाही. पुढे लंडनच्या ओय वा वोय या बँडच्या २००३ च्या अल्बममध्येही ती गायली. तो बँड ज्यू लोकांचं क्लेझमर संगीत आणि डान्स यांची सांगड घालणारा. म्हणजे फोक तिने अभ्यासाला घेतलेलं नाही, ती त्यात राहिली.

आणि हेही लक्षात घ्या की तिचा धाकटा भाऊ ऐकू न येणारा, त्यामुळे घरात गाणी लावण्याची फारशी रीत नव्हती. कानावर आयतं पडलेलं संगीत कमी, स्वतः शोधून मिळवलेलं जास्त. तिच्या गाण्यांत अमक्यासारखं तमक्यासारखं फारसं वाटत नाही त्याचं एक कारण हे असावं, असं माझं आपलं मत.


मुक्तछंद

मी संगीतातला नाही, शब्दांतला. कोणी गोष्टीकडे बघितलंच नाही अजून.

'ब्लॅक हॉर्स'मध्ये काय घडतं? बाईचं काळीज क्षणभर थांबतं. ती भटकत भटकत कुठल्याशा आडरानात येते. तिथे एक मोठा काळा घोडा आणि चेरीचं झाड. आणि घोडा तिला लग्नाची मागणी घालतो! ती नाही म्हणते, आणि नाही म्हणतच राहते, तेच पालुपद. ही पॉप गाण्याची गोष्ट आहे का? स्कॉटलंडच्या लोककथांत केल्पी नावाचं भूत असतं, पाण्यातला घोडा, बहुधा काळा. देखणं रूप घेऊन येतो, पाठीवर बसवतो आणि डोहात ओढून नेतो. टन्स्टलच्या डोक्यात केल्पीच होता असा माझा दावा नाही. पण सेंट अँड्र्यूजमध्ये वाढलेल्या मुलीच्या गाण्यात बोलणारा काळा घोडा येतो तेव्हा तो मिसिसिपीहून, ब्लूजच्या मुलखातून, आलेला नसतो, एवढं मी म्हणेन.

उलट ब्लूजच्या गोष्टीत चौरस्त्यावर सैतान भेटतो आणि माणूस सौदा करतो. इथे बाई सौदा नाकारते. ताल तिकडचा, भूत इकडचं.


आडवाटेचा

@मुक्तछंद, क्या बात है. 'ताल तिकडचा, भूत इकडचं' हे मी चोरणार आहे.

आता चित्र जरा स्पष्ट होतंय. मिलाफ बारा गाण्यांत पसरलेला नाही, तो एकाच गाण्यात उभा रचलेला आहे. खाली डिडलीचा ठेका, त्यावर ब्लूजची रिफ, वर स्कॉटिश लोककथेसारखी गोष्ट, आणि सगळ्यात वर 'वू हू', जे लहान मूलही एकदा ऐकून म्हणतं. तो 'वू हू' म्हणजे पॉप. थरावर थर, पेडलवर चढवल्यासारखेच. उरलेल्या अकरा गाण्यांना हे जमलेलं नाही आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांनी तसा प्रयत्नही केलेला नाही.


रात्रपाळी

अकरांना एका झटक्यात उडवू नका. 'सडनली आय सी' नुसतं पॉप? तो घोटीव खटका ऐका गिटारचा, उजवा हात तोच आहे. रॉक गायिका पॅटी स्मिथच्या 'हॉर्सेस' अल्बमच्या मुखपृष्ठावरचा मॅपलथॉर्पने काढलेला फोटो बघून तिने हे लिहिलं. एक बाई दुसऱ्या बाईच्या फोटोकडे बघते आणि तिला स्वतःचं पुढचं दिसतं, इतकाच ऐवज. बहुतेकांना ते 'द डेव्हिल वेअर्स प्राडा' सिनेमाच्या सुरुवातीमुळे माहीत, त्यामुळे उंच टाचांचं गाणं म्हणून बदनाम झालं बिचारं. २००६ चा आयव्हर नोव्हेलो पुरस्कार गीतलेखनासाठी याच गाण्याला मिळालाय, उगाच नाही.


चार तारा

पुरस्कारांचं निघालंच आहे तर: २००५ च्या मर्क्युरी या ब्रिटिश अल्बम-पुरस्काराच्या यादीत अल्बम होता, मिळालं अँटनी अँड द जॉन्सन्सला. २००६ मध्ये ब्रिट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ब्रिटिश गायिका. 'ब्लॅक हॉर्स'ला ग्रॅमीचं नामांकन. अमेरिकेत ते चाललं त्यात मात्र 'अमेरिकन आयडॉल'चा मोठा हात. २००६ च्या पर्वात कॅथरीन मॅकफीने ते गुडघ्यांवर बसून गायलं आणि गाणं वर सरकलं.


उलटा पेटीवाला

उजव्या हाताचं रात्रपाळी यांनी बरोब्बर पकडलं. मी तर म्हणेन अल्बमला बांधणारा धागा तोच आहे. ती बोटांनी नाजूक छेडणाऱ्यांतली नाही, गिटारला आधी तालवाद्य समजते. 'मिनिएचर डिझास्टर्स' ऐका, 'अनदर प्लेस टू फॉल' ऐका. कॉर्ड साधे आहेत, हात साधा नाही.

आणि इथे निर्मात्याचं नाव घ्यायला हवं. अल्बमचं बरंचसं काम स्टीव्ह ऑस्बोर्नचं. हा गडी १९९० मध्ये पॉल ओकनफोल्डबरोबर हॅपी मंडेज या बँडचा अल्बम करणारा, पुढे न्यू ऑर्डर या बँडबरोबर काम केलेला. नाचवणाऱ्या संगीतातला माणूस. फोक गाणारीला असा निर्माता मिळाला म्हणून ड्रम इतके नेटके, बास इतका गोल. फायदा रेडिओला झाला. तोटा व्हिडिओ आधी बघितलेल्यांना झाला, कारण एकट्या बाईच्या अंगची धडपड स्टुडिओत इस्त्री होऊन आली. स्टुडिओत हवे तेवढे थर आरामात लावता येतात, पाय घसरायची भीतीच नाही. आणि ती भीती गेली की त्या गाण्यातलं अर्धं नाट्य गेलं.


खरजातली

+१ इस्त्रीला. पण 'अदर साइड ऑफ द वर्ल्ड'ला ती इस्त्री शोभते. मार्टिन टेरेफेबरोबर मिळून लिहिलेलं गाणं, दूर राहणाऱ्या दोघांचं न जमणारं प्रेम. तिथे खडबडीत गिटार आणली असती तर गाणं मोडलं असतं.


कोमल निषाद

मला न आवडलेलंही लिहिते, सगळी आरतीच चालू आहे. अल्बमचा मधला भाग ढिला आहे. 'सायलेंट सी', मग 'युनिव्हर्स अँड यू', मग 'फॉल्स अलार्म', एकापाठोपाठ एक तीन गाणी एकाच हवेत. 'सडनली आय सी' नवव्या क्रमांकावर येईपर्यंत माझं लक्ष उडालेलं असतं. यातलं एक उचलून शेवटाकडे टाकलं असतं तरी भागलं असतं.


आडवाटेचा

@कोमल निषाद, त्या तिघांपैकी 'फॉल्स अलार्म'साठी मी भांडेन, बाकी दोन तुम्ही घ्या.

ज्यांना इस्त्री नको त्यांच्यासाठी उपाय आहे. 'केटी टन्स्टल्स अकूस्टिक एक्स्ट्राव्हॅगान्झा' नावाचं रेकॉर्डिंग २००६ मध्ये आलं, स्काय बेटावर केलेलं. यातलीच काही गाणी त्यात उघड्या अंगाने आहेत, 'युनिव्हर्स अँड यू'सुद्धा. निषादबाई, ते तिथे ऐका आणि मग सांगा ढिलं गाणं होतं की भरगच्च वाजवण.


बेसूर बंड्या

सगळं वाचलं. व्हिडिओ पाहिला. तीनदा. ती हसतेय मधेच, इतकं सगळं पायाने सांभाळताना! मला लूपर घ्यायचाय आता. पेटीवाले, नवशिक्याने कुठून सुरुवात करायची?


उलटा पेटीवाला

लूपर नको घेऊस लगेच. आधी मेट्रोनोम लाव आणि ती एक, चार, सात, अकरा, तेरा टाळी दहा मिनिटं न घसरता दे. उजवा पाय समेवर पडायला लागला की इथे लिही, मग डबीचं बघू.


कोमल निषाद

स्कायवालं 'युनिव्हर्स अँड यू' ऐकलं. बरं आहे. 'सायलेंट सी'बद्दल मत बदललेलं नाही.